इतिहासाच्या तोंडात आजचे दात

प्रति,
ऐतिहासिक मराठी चित्रपटांचे निर्माते, दिग्दर्शक, रंगभूषाकार आणि डीआयच्या खोलीत बसून चित्रपटाचा रंग ठरवणारी मंडळी

स.न.वि.वि.

तुमच्या चित्रपटातली लढाई सुरू झाली की थिएटरातले लोक तलवारीकडे बघतात आणि मी दातांकडे बघते. मी दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे धंद्याची ही खोड जाणार नाही. गडावरून उतरलेला, दोन रात्री झोप न मिळालेला, चिखलाने माखलेला मावळा कॅमेऱ्यासमोर येतो. पागोटं फाटलेलं, कपाळावर रक्त वाळलेलं, अंगरख्याच्या बाहीला धूळ. कपडेपटाने आणि रंगभूषेने जीव ओतलेला दिसतो. मग तो गर्जना करायला तोंड उघडतो आणि आतून हारीने लावलेल्या खडूच्या कांड्या बाहेर येतात. वरचे सहाही दात एका उंचीचे, एका रंगाचे, कडा फाइलने घासल्यासारख्या सरळ. त्या क्षणी माझ्यापुरतं सतरावं शतक संपतं आणि अंधेरीतलं क्लिनिक सुरू होतं.

हे गमतीने लिहिलं असलं तरी तक्रार खरी आहे. दातांचा रंग जुळवायला आमच्याकडे एक पट्टी असते. जगभर वापरली जाणारी जुनी पट्टी १६ छटांची आहे. ए, बी, सी, डी असे तिचे गट: तांबूस तपकिरी, तांबूस पिवळा, करडा, तांबूस करडा. माझ्या खुर्चीत बसणारी बहुतेक मोठी माणसं ए२ ते ए३.५ यांच्या दरम्यान असतात, म्हणजे हलक्या पिवळसर रंगाची. तुमच्या नायकांचे दात या सोळांत कुठेच बसत नाहीत. त्यांच्यासाठी कंपन्यांनी नंतर वेगळ्या ‘ब्लीच’ छटा काढल्या, कारण दात इतके पांढरे निसर्गात क्वचितच असतात. दाताचा वरचा थर, म्हणजे इनॅमल, बराचसा पारदर्शक असतो. खालचं डेंटीन पिवळसर असतं आणि ते त्यातून दिसतं. वय वाढलं की इनॅमल झिजतं आणि पिवळेपणा वाढतो. म्हणून पिवळसर दात म्हणजे घाणेरडे दात हे समीकरण आमच्या शास्त्रात टिकत नाही. ते जाहिरातींनी शिकवलं.

तेव्हा आधीच एक गैरसमज दूर करते. मावळ्यांचे दात किडलेले, सडलेले दाखवा असं माझं म्हणणं नाही. तसं दाखवणं उलट जास्त चुकीचं ठरेल. दात किडायला साखर लागते, तीही दिवसातून चार-सहा वेळा तोंडात जाणारी. शिवकाळात गूळ होता, सणासुदीला गोडधोड होतं, पण सकाळ-संध्याकाळ साखरेचा चहा नव्हता, बिस्किटं नव्हती. बाभळीचं, कडुनिंबाचं दातण होतं, राख होती, मीठ होतं. आजच्या सहावीतल्या मुलाच्या तोंडात मला जितक्या किडक्या दाढा सापडतात, तितक्या त्या काळच्या शेतकऱ्याच्या तोंडात असण्याचं कारण दिसत नाही.

त्याच्या दातांची अवस्था वेगळी असणार, आणि ती वेगळीच दाखवायला हवी. पहिली गोष्ट झीज. ज्वारी-बाजरी, नाचणी जात्यावर दळली जायची. जातं दगडाचं. दळताना दगड झिजतो, म्हणून तर त्याला मधून मधून टाकी लावावी लागते. झिजलेला दगड जातो कुठे? पिठात. भाकरीच्या प्रत्येक घासाबरोबर दगडाची बारीक कच दातांखाली यायची. वर्षानुवर्षं ती खाल्ल्यावर दाढांचे उंचवटे सपाट होतात, पुढच्या दातांची धार बोथट होते, कडेला मधलं पिवळं डेंटीन रेषेसारखं दिसू लागतं. तीस-पस्तिशीतला धट्टाकट्टा माणूस, एकही दात किडलेला नाही, पण दात आखूड आणि कडा खडबडीत. हे तोंड मला एकाही चित्रपटात भेटलेलं नाही.

दुसरी गोष्ट पान. चुना, कात, सुपारी. विडा हा दरबारातला मान होता, निरोप होता, मोहिमेची सुपारीही होती. विडा उचलण्याचा प्रसंग तर तुम्ही अगदी सावकाश, ढोलाच्या ठोक्यावर दाखवता. पण रोज पाच-सहा विडे चघळणाऱ्या सरदाराच्या दातांच्या फटीत तांबडा-काळा थर जमतो, हिरड्यांच्या कडेला किटण बसतं, ओठांच्या आतली बाजू लाल होते. तुमचा सरदार विडा उचलतो, तोंडात घालतो, पुढच्या दृश्यात हसतो आणि दात दुधासारखे. मग तो विडा गेला कुठे?

तिसरी गोष्ट तंबाखू. ती आपल्याकडे फार लवकर आली होती. अकबराचा माणूस असद बेग विजापूरहून परतताना तंबाखू आणि चिलीम घेऊन गेला आणि दरबारात नवलाई म्हणून पेश केली, ही नोंद १६०४-०५ च्या सुमाराची आहे. म्हणजे शहाजीराजांच्या बालपणी दख्खनमध्ये हुक्का ठाऊक होता. हुक्का ओढणाऱ्याच्या दातांच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग पडतो. कॅमेरा तिथे पोचत नाही हे मान्य, पण पुढच्या दातांच्या फटीत थोडा तरी दिसतोच.

आता बायकांकडे येते, कारण खरा मुद्दा तिथे आहे. पेशवाईतल्या आणि त्याआधीच्याही मराठी घरात सवाष्ण बाई दात काळे करायची. त्यासाठी दातवण असायचं. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार आणि हिरड्यासारख्या तुरट फळातलं टॅनिन, ही त्यातली मुख्य जोडी. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या पोथ्या ज्या शाईने लिहिल्या जायच्या तिच्यापैकी एक प्रकार याच रसायनाचा. दातांवर तो रंग धरून बसतो, चमकतो. काळेभोर चकचकीत दात हे सौभाग्याचं लेणं होतं आणि नवरा गेला की ते सोडावं लागायचं. उत्तरेत आणि दख्खनच्या मुसलमान घरांत हीच गोष्ट मिस्सी म्हणून होती. लखनौच्या तवायफांच्या कोठ्यांवर तर मिस्सीचा समारंभ व्हायचा.

एका मोठ्या समाजात लग्न झालेल्या बाईचं रूप कसं पूर्ण मानलं जात होतं, याचा इतका ठळक पुरावा आहे आणि आपल्या पडद्यावर त्याचा मागमूस नाही. नऊवारी कशी नेसली, नथ कुठल्या नाकपुडीत घातली, चंद्रकोर की आडवं कुंकू यावर समाजमाध्यमांवर महिनाभर भांडणं होतात. मी ती वाचते, मजा येते. पण शनिवारवाड्यात वावरणाऱ्या कुणा बाईसाहेबांचे दात काळे नाहीत यावर कुणी अवाक्षर काढत नाही. कारण आजच्या डोळ्याला काळे दात म्हणजे भूत. भयपटात जख्ख म्हातारीला तुम्ही जे दात लावता, ते दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी नव्या नवरीचे असायचे.

जपानमध्येही हेच झालं. तिथे लोखंड शिर्क्यात भिजवून, त्यात टॅनिनची पूड मिसळून दात रंगवायची प्रथा शतकानुशतकं होती. विवाहित बायकांत होती, दरबारी पुरुषांतही होती. १८७० मध्ये सरकारने सरदार घराण्यांना ती बंद करायला लावली आणि १८७३ मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनिशी लोकांसमोर आल्यावर ती वेगाने मागे पडली. तिथल्याही बहुतेक ऐतिहासिक चित्रपटांनी पुढे पांढरेच दात दाखवले. प्रेक्षक बिचकतो ही भीती तिथेही. पण जिथे कुणी हिंमत केली, भुवया काढलेला, दात काळे केलेला चेहरा कॅमेऱ्यासमोर आणला, तिथे तो काळ एका क्षणात दुरावतो आणि त्याच क्षणी विश्वासार्ह होतो. आपल्याकडे एवढी मोठी पेशवाई पडली आहे, एवढे खर्चिक चित्रपट निघतात, एक तरी दिग्दर्शक हे करून बघेल अशी माझी वेडी आशा आहे.

इथे डॉक्टर म्हणून एक कंस. दातवण वेगळं आणि आजची मिश्री वेगळी. मिश्री ही भाजलेली तंबाखू आहे, तोंडाचा कर्करोग करणारी. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आज्या अजून ती लावतात आणि सोडा म्हटलं की दात दुखतील म्हणतात. तेव्हा अभिनेत्रीला खरीखुरी मिश्री लावायला देऊन ‘मेथड’ वगैरे करू नका. रंग लावा, चित्रीकरण संपल्यावर स्पिरिटने पुसा.

जुन्या चित्रपटांत सगळं अस्सल होतं आणि आता सगळं नकली झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा तारामतीचं काम ग्रँट रोडच्या खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंख्यांनी केलं. स्त्रीभूमिकेसाठी मिशी काढायला पुरुष नट तयार नव्हते, कारण वडील जिवंत असताना मिशी उतरवणं अशुभ. म्हणजे आपल्या पहिल्याच चित्रपटात तोंडावरून वाद झाला होता. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. लाल ओठ तिच्यावर काळे उमटायचे आणि पिवळसर दातही आहेत त्याहून गडद. नट चेहऱ्याला पांढरटसर रंग फासायचे त्याचं एक कारण हेच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि रंगभूषेचं गणित बदललं.

हॉलिवूडने तर दात तेव्हाच ताब्यात घेतले. तिथल्या चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने नटांसाठी पातळ आवरणं बनवली. कॅमेऱ्यासमोर जाताना पावडरने चिकटवायची, जेवायला बसताना काढून ठेवायची. बालतारका शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडत होते, तरी पडद्यावर तिच्या हसण्यात कधी खिंडार दिसलं नाही, ती याचीच करामत. क्लार्क गेबलचे बहुतेक दात हिरड्यांच्या आजारामुळे १९३३ च्या सुमारास काढावे लागले. १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातला तो देखणा पुरुष तोंडात कवळी घालून हसतो आहे. गंमत अशी की त्याच खऱ्या युद्धात समोरचे दात नसलेला माणूस पायदळात घेत नसत, कारण बंदुकीत दारू भरताना काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागे. आपल्याकडचं १८५७ तर या एका कृतीवरून पेटलं. काडतुसाला दात लावायचे की नाही हा प्रश्न होता. त्यावरही चित्रपट निघाले आहेत. शिपायाच्या दातांकडे त्यांत कुणी निरखून पाहिलं का, हे तुम्हीच एकदा बघा.

तरीही प्रभातच्या ‘संत तुकाराम’कडे मी पुन्हा पुन्हा जाते. १९३६ चा चित्रपट, दामले-फत्तेलालांचा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं. पागनीसांचे तुकोबा सगळ्यांना आठवतात, मला त्यांची बायको आठवते. गौरीबाई या प्रभात स्टुडिओत साधी कामं करणाऱ्या बाई, तिथून पडद्यावर आलेल्या. त्यांची जिजाई तोंड उघडून भांडते, ओरडते, थेट विठ्ठलाला जाब विचारायला जाते. ते तोंड कुणी सजवलेलं नाही. जात्यावर बसलेल्या, म्हशीचं शेण काढलेल्या, पोरांच्या मागे धावलेल्या बाईचं ते तोंड आहे असं बघताक्षणी पटतं. संहिता, गाणी, चमत्कार सगळं बाजूला ठेवा, त्या एका चेहऱ्याने देहू उभं राहिलं. आज तीच भूमिका कुणाला मिळेल आणि तिचे दात लुक टेस्टच्या आधी कुठे जाऊन येतील याची मला पुरेपूर कल्पना आहे.

१९८८ मध्ये दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ मालिका आली. तिच्यात नसिरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले आणि ओम पुरी औरंगजेब. ओम पुरींच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे व्रण होते. ऐतिहासिक भूमिकेसाठी याहून अस्सल चेहरा शोधूनही मिळाला नसता. देवीची लस मुंबईत पहिल्यांदा टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी, एका तीन वर्षांच्या मुलीला. त्याआधीच्या कुठल्याही बाजारात, छावणीत, दरबारात देवी येऊन गेलेले चेहरे असणारच. महाराजा रणजितसिंहांचा एक डोळा देवीने गेला, हे शाळेच्या पुस्तकात आहे. तुमच्या दहा हजारांच्या फौजेत, त्यातली निम्मी संगणकावर बनवलेली धरली तरी, व्रण असलेला एक चेहरा दिसत नाही. महादजी शिंद्यांचा पाय पानिपतानंतर अधू झाला, ते लंगडणं दाखवायला मात्र कुणी विसरत नाही, कारण त्याला गोष्ट आहे. व्रणांना आणि दातांना गोष्ट नाही, म्हणून ते सुटतात.

वयाचंही तसंच. पानिपतावर मल्हारराव होळकर ६७ वर्षांचे होते. राज्याभिषेकाच्या वेळी जिजाऊसाहेब पंचाहत्तरी ओलांडलेल्या. केसांना चंदेरी रंग, कपाळाला सुरकुत्या, हातात काठी, आवाजात कंप, सगळं येतं. दात मात्र पंचविशीचे राहतात. वय पहिल्यांदा तोंडात शिरतं. हिरड्या मागे सरतात, दात लांब आणि मोकळे दिसतात, दाढा गेल्या की गाल आत ओढले जातात, बोलताना ओठ थोडे आत वळतात. प्रोस्थेटिकवर लाखो रुपये घालवून गालाला पिशव्या चिकटवण्यापेक्षा दोन दात पडल्यासारखे दिसावेत म्हणून काळे रंगवले तर म्हातारपण लवकर येतं. नाटकवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते ती. दात तुम्ही अजिबात रंगवत नाही असं नाही. रंगवता, पण फक्त एका बाजूचे. खलनायक आला की दात पिवळे, फटी काळ्या, एक सोन्याचा, मांस तोडताना कॅमेरा थेट जबड्यात. त्याच्या बाजूचा प्रत्येक शिपाई तसाच. आणि आपल्या बाजूचा शेवटचा मशालवालासुद्धा टूथपेस्टच्या जाहिरातीतून उतरलेला. दातांच्या रंगावरून प्रेक्षकाला कळावं कुणाची बाजू घ्यायची, इतकं आपण प्रेक्षकाला मठ्ठ समजतो का? आदिलशाहीच्या फौजेत किती मराठे होते हे तुमच्या इतिहास सल्लागाराला विचारा. मुधोळचे बाजी घोरपडे आदिलशहाकडे होते, जावळीचे मोरेही. एकाच घरातला एक भाऊ इकडे आणि एक तिकडे असायचा. दोघांनी एकाच जात्याचं पीठ खाल्लेलं. मग एकाचे दात मोत्यासारखे आणि दुसऱ्याचे कोळशासारखे कुठल्या हिशेबाने?

जे परके प्रवासी या माणसांबद्दल लिहून गेले त्यांनी असा भेद केलेला नाही. सुरतेच्या इंग्रजांचा पाद्री एस्कलियट याने १६६४ च्या जानेवारीत, सुरत लुटली गेल्यानंतर लगेच, महाराजांना पाहिलेल्या लोकांकडून ऐकलेलं वर्णन पत्रात लिहिलं. मध्यम उंचीहून थोडे कमी, ताठ, बांधा प्रमाणबद्ध, नजर तीक्ष्ण, रंगाने आपल्या लोकांहून उजळ आणि बोलताना हसल्यासारखे दिसतात. दोन वर्षांनी सुरतेला आलेल्या थेव्हेनो या फ्रेंच प्रवाशाने त्यांना सावळं म्हटलं, चपळ डोळ्यांचं कौतुक केलं आणि ते दिवसातून बहुधा एकदाच जेवतात असं लिहिलं. रंगाबद्दल दोघांचं एकमत नाही. दोन्ही वर्णनं ऐकीव आहेत हे लक्षात ठेवूनही एस्कलियटचं ते बोलतानाचं हसू मला फार मोलाचं वाटतं, कारण लघुचित्रांत सगळे राजे बाजूने, ओठ मिटून बसलेले असतात. आपले पडद्यावरचे महाराज क्वचित हसतात. भुवया ताणून, जबडा आवळून, हळू आवाजात बोलतात.

आणि औरंगजेब? १६९५ मध्ये जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी त्याला गलगलीच्या छावणीत भेटला. बुटका, नाक मोठं, वयाने वाकलेला, सावळ्या कातडीवर पांढरी गोल दाढी. अर्जांवर चष्म्याशिवाय स्वतःच्या हाताने शेरे लिहीत होता आणि चेहरा हसरा होता, असं करेरी सांगतो. सत्त्याहत्तरीला आलेला, आपल्या मुलखावर चालून आलेला, संभाजी महाराजांना हालहाल करून मारणारा हा माणूस त्या दिवशी प्रसन्न चेहऱ्याने कागदांवर सही करत बसला होता. माझ्या मते हे दृश्य कुठल्याही पिवळ्या दातांपेक्षा भयंकर आहे. ते कुणी चित्रित केलं तर मी तिकीट काढून तीनदा जाईन.

आता तुमची अडचणही समजून घेते. नटनट्यांनी दातांवर व्हेनिअर, म्हणजे कायमची चिकटवलेली पातळ आवरणं, बसवलेले असतात. व्हेनिअर बसवताना खऱ्या दाताचा साधारण अर्धा मिलिमीटर थर घासून काढावा लागतो. तो परत येत नाही, त्यामुळे ‘चित्रपटापुरते काढा’ असं कुणी म्हणू शकत नाही. शिवाय तो चेहरा घेऊन त्याला पुढच्या महिन्यात जाहिरात करायची असते. श्रद्धेचा प्रश्न त्याहून मोठा. महाराजांच्या तोंडात झिजलेला दात दाखवला तर दुसऱ्या दिवशी थिएटरच्या काचा फुटतील, हे मलाही कळतं. मग महाराजांना सोडून द्या. त्यांच्यापासून सुरुवात करायची गरजच नाही. हेर आहेत, मोतद्दार आहेत, गडावरच्या दासी आहेत, बाजारातले तांबोळी, कारकून, किल्लेदार, फितूर, पाटील. त्यांच्या दातांसाठी कोण मोर्चा काढणार?

करायचं कसं, तर ते फार अवघड नाही. रंगभूषाकारांना माहीतच आहे, पण निर्मात्यांसाठी लिहिते. दातांवर लावायचे खास रंग मिळतात: निकोटीन, किडका, काळा, पिवळट. दात कोरडा करून ब्रशने लावायचे, स्पिरिटने काढायचे. ते जेवणात आणि लांब संवादात उडतात, म्हणून कंटिन्युइटी बघणाऱ्याने चेहऱ्याबरोबर दातांचेही फोटो ठेवावेत. मुख्य भूमिकांसाठी आधी माप घेऊन प्लास्टरचा साचा करायचा आणि त्यावर ॲक्रिलिकची पातळ आवरणं बनवायची. ती घातल्यावर ‘स’ आणि ‘श’ सुरुवातीला घसरतात, म्हणून नटाला निदान आठवडाभर आधी ती देऊन घरी बोलायला लावायचं. एखाद्या दाताची कड फक्त खडबडीत करायची असेल तर ॲसिड न लावता कॉम्पोझिटचा, म्हणजे दात भरायच्या मसाल्याचा, छोटा ठिपका चिकटवता येतो, काम झालं की तो उचकटून निघतो, दाताला काही होत नाही. यात एका घोड्याच्या दिवसाच्या भाड्याइतकाही खर्च नाही. अट एवढीच की दात रंगवताना सगळ्यांना एकच पिवळा पोचारा मारू नका. शेतकऱ्याची झीज वेगळी, पानवाल्या सरदाराचे डाग वेगळे, सोळा वर्षांच्या पोराचे दात तर तसेही पांढरे असणारच, त्याचे सोडा.

ज्यांचा हात या कामात बसलेला आहे अशी माणसं आपल्याकडे झाली. ‘बालगंधर्व’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे विक्रम गायकवाड मे २०२५ मध्ये गेले. सुबोध भाव्यांच्या चेहऱ्यातून नारायणराव काढून दाखवणाऱ्या माणसाला कुणी काळ्या दातवणाची पेशवीण मागितली असती, तर ती त्यांनी नक्की घडवली असती असं मला वाटतं. मागणीच दिग्दर्शकाकडून यायला हवी.

संशोधनाचंही सांगते. कागद बघायला तुमची माणसं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जातात, चांगलं आहे. डेक्कन कॉलेजातही जा. इनामगावच्या उत्खननात सापडलेल्या ताम्रपाषाण काळातल्या माणसांच्या दातांचा तिथे बारकाईने अभ्यास झाला आहे. काळ फार मागचा, पण दगडावर दळलेलं धान्य खाणाऱ्या दख्खनी माणसाचा जबडा कसा दिसतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कलादिग्दर्शकाला पुन्हा सांगावं लागणार नाही.

आणि डीआयच्या खोलीतल्या मंडळींसाठी वेगळी विनंती. सेटवर रंगभूषाकाराने मेहनतीने मळवलेले दात तुम्ही नंतर एका फ्रेममागे एक उजळवता, हे मला या क्षेत्रातल्या एका पेशंटने खुर्चीत तोंड उघडं असताना हातवारे करून सांगितलं. कुणाच्या तरी मॅनेजरचा फोन येतो म्हणे. तो फोन आला की त्यांना माझा नंबर द्या. दाताचा रंग ए३ ठेवल्याने कुणाचं मानधन कमी झालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाचा पुढचा चित्रपट पेशवाईतला असेल आणि त्यात एका तरी सवाष्ण बाईला काळं दातवण लावायची तयारी असेल, तर मापं घेऊन आवरणं करून देण्याचं काम मी विनामूल्य करीन. लॅबचा खर्च तेवढा तुमचा. माप घेताना बऱ्याच जणींना उमासे येतात असं सांगून घाबरवतात लोक, नटीने ते मनावर घेऊ नये.

कळावे,
आपली,
सातारा जिल्ह्यातली एक दातांची डॉक्टर आणि तिकीट काढून चित्रपट बघणारी प्रेक्षक